कॅलेंडरच्या नोंदीला संपर्क जोडायचा आहे, नंबर चिकटवायचा नाही

काटेकोर:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पाल्हाळ लावून विचारतेय, कारण थोडक्यात विचारला की "पाहुण्यांमध्ये नाव टाका की" असं उत्तर येतं आणि मी होते तिथेच राहते.

आमचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं आणि कॅलिब्रेट करून देण्याचं. प्रयोगशाळेतल्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यापासून ते ट्रक चढतो त्या वेब्रिजपर्यंत. फिरतीवर तिघं, ऑफिसात मी एकटी. संगणकावर आउटलुक आहे, जुन्या धाटणीचं. ते नवं आलंय ते नव्हे. ग्राहकांचे पत्ते-फोन संपर्कांमध्ये, भेटी कॅलेंडरमध्ये, आणि ते कॅलेंडर तिघांच्याही फोनवर दिसतं.

नवी भेट टाकताना मी संपर्क उघडते, नंबर उचलते आणि भेटीच्या खालच्या मोकळ्या चौकटीत चिकटवते. नाव, नंबर, पत्ता, गेटवर कोणाला विचारायचं, सगळं. सहा वर्षं हेच चाललंय.

आता झालं असं. एका वेब्रिजची वार्षिक तपासणी मी अकरा महिने आधीच टाकून ठेवली होती. मधल्या काळात तिथला काटा सांभाळणारा माणूस बदलला. तसा फोन आला, मी तत्परतेने संपर्कात नाव-नंबर बदलला, वर स्वतःवर खूशही झाले. कॅलेंडरातला नंबर मात्र जुनाच राहिला. आमचा माणूस वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं गाडीत भरून पहाटे तिथे पोचला. गेट बंद. आणि तो ज्याला फोन लावत होता तो गृहस्थ नोकरी सोडून चार महिने झालेले. "अहो, मी तिथे नाही आता," असं त्यांनी झोपेतून उठून दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

चूक माझी, मान्य. पण "यापुढे लक्षात ठेव" हा उपाय मी उपायात धरत नाही. एकच नंबर दोन ठिकाणी लिहिला की त्यातला एक कधी ना कधी खोटा ठरणारच.

मला दोन गोष्टी हव्यात. भेट उघडली की तिथून संपर्कावर जाता यावं आणि आज तिथे जो नंबर असेल तोच दिसावा. आणि उलट बाजूने, संपर्क उघडला की त्या ग्राहकाकडच्या मागच्या-पुढच्या सगळ्या भेटी दिसाव्यात. हे दुसरं तितकं तातडीचं नाही, पण ग्राहक फोनवर "मागे कधी आला होतात?" असं विचारतो आणि मी "एक मिनिट हं" म्हणून चार मिनिटं चाळत बसते, ते थांबेल.

ग्राहकांना आमंत्रणाचं मेल जाता कामा नये. ही अट आधीच सांगून ठेवते.


घाईत_आहे:

पाहुण्यांमध्ये नाव टाका की. मेल नको असेल तर पाठवू नका. नावावर माउस नेला की माणसाचं कार्ड उघडतं, त्यात नंबर असतो. झालं.


काटेकोर:

अट शेवटच्या ओळीत होती, तिथवर पोचला नसाल.

हे करून पाहिलंय मी, दोन महिने. आउटलुकमध्ये नाव घातलं की साधी भेट राहत नाही, मीटिंग होते. मग वेळ अर्धा तास पुढे सरकवली तरी ते विचारतं, बदल कळवू का? दिवसातून दहा वेळा "नको" म्हणायचं आणि एकदाही चुकायचं नाही, असं ते काम. मी चुकले. एक भेट दुसऱ्या दिवशी टाकायची म्हणून पहिली नोंद रद्द केली, हात सवयीने "पाठवा" वर गेला आणि त्या ग्राहकाच्या मालकांना "रद्द" असं मेल गेलं. त्यांना वाटलं आम्ही वर्षाचा करारच रद्द केला. तासाभराने त्यांचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं.

शिवाय आमच्या निम्म्या संपर्कांना ईमेलच नाही. काट्यावर बसणाऱ्या माणसाचा फोन नंबर असतो, बस. त्याला पाहुण्यांच्या रकान्यात घालणार कसं?


जुना_खिळा:

काटेकोरताई, तुम्ही मागताय ते आउटलुकमध्ये होतं. कुठे लपूनछपून नव्हे, चांगलं समोर होतं.

२००३ च्या आवृत्तीत भेटीच्या फॉर्मच्या तळाशी 'कॉन्टॅक्ट्स' नावाचं बटण असायचं, 'कॅटेगरीज'च्या शेजारी. दाबलं की संपर्कांची यादी, त्यातलं नाव निवडलं की ते फॉर्मवर येऊन बसायचं आणि त्यावर दोनदा टिचकी मारली की मूळ संपर्क उघडायचा. आमंत्रण नाही, मेल नाही, ईमेल पत्ता नसला तरी अडत नसे. आणि संपर्काच्या बाजूला 'ॲक्टिव्हिटीज' नावाचं पान होतं. त्यात त्या माणसाच्या भेटी, कामं, मेल सगळं एका खाली एक. म्हणजे तुमची दुसरी मागणीसुद्धा.

२००७ मध्ये ते बटण मुळातच झाकून दिलं. ऑप्शन्समध्ये शिरून, संपर्कांच्या सेटिंगात खूण केली तरच दिसायचं. २०१० मध्येही तीच तऱ्हा. २०१३ मध्ये बटण गेलं आणि ॲक्टिव्हिटीजचं पानही गेलं. आधी झाकायचं, झाकलेलं कोणाला सापडत नाही, आणि मग कोणी वापरत नाही म्हणून काढायचं. ही रीत मी बऱ्याच कार्यक्रमांत पाहिली आहे, पण ते असो.

तो रकाना पोटात अजून शिल्लक आहे. रजिस्ट्री एडिटर उघडा (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांची वही). करंट यूझरच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, प्रेफरन्सेस असे उतरत जा. तुमचं आउटलुक २०१३ चं असेल तर १६ च्या जागी १५. तिथे नवीन डीवर्ड, म्हणजे आकडा ठेवणारी नोंद, तयार करायचा. नाव म्हणजे शो, कॉन्टॅक्ट, फील्ड, ऑब्सोलीट हे चार इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता. किंमत १. आउटलुक बंद करून पुन्हा उघडा, भेटीच्या फॉर्मवर रकाना परत आलेला दिसेल. (नावातच 'कालबाह्य' लिहिलंय बघा. पडक्या घराला पाटी लावावी तसं.) रजिस्ट्रीला हात लावण्याआधी ती फांदी एक्स्पोर्ट करून ठेवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता खाचखळगे. तो दुवा संपर्काच्या आतल्या ओळख-क्रमांकावर उभा असतो, सोबत नुसतं नाव साठवलेलं असतं. संपर्क पुसून पुन्हा आयात केलेत, किंवा दुसऱ्या डेटा फाइलमध्ये हलवलेत, तर आतला क्रमांक नवा होतो. मग भेटीवर नाव तसंच दिसत राहतं, पण टिचकी मारली की काही उघडत नाही. संपर्कांची साफसफाई एक्सेलमध्ये नेऊन, धुऊन परत आणायची सवय असेल तर ती सोडावी लागेल.

ॲक्टिव्हिटीजचं पान परत येत नाही. त्याऐवजी कॅलेंडर यादीच्या दृश्यात घ्या, त्यात कॉन्टॅक्ट्सचा स्तंभ आणा आणि त्या स्तंभावर गट पाडा. ग्राहकामागे त्याच्या भेटी ओळीने लागतात. पण एक गोम आहे. वार्षिक तपासणी तुम्ही पुनरावृत्ती लावून टाकली असेल तर यादीत त्या सगळ्या मालिकेची एकच ओळ दिसते. इतिहास हवा असेल तर दर वर्षीची भेट वेगळी टाका. मागची भेट उघडून तिची प्रत केली तर काम दोन मिनिटांचं आहे.

आणखी एक. इन्सर्टमधून 'आउटलुक आयटम' घालता येतो, तिथे संपर्क निवडून तो अटॅचमेंट म्हणून जोडता येतो. कोणीतरी तुम्हाला हे सुचवेलच. करू नका. अटॅचमेंट म्हणजे त्या दिवशीची प्रत. पुन्हा तेच बंद गेट. संपर्क उचलून कॅलेंडरवर डाव्या बटणाने सोडलात तर थेट त्या माणसाच्या नावे मीटिंगचं आमंत्रण तयार होतं, म्हणजे पुन्हा तुमचे ते मालक. उजव्या बटणाने ओढलंत तर मजकूर, शॉर्टकट की प्रत असं विचारतं. शॉर्टकट मूळ संपर्काकडे नेतो.


काटेकोर:

खिळेकाका, (काका म्हटलं तर चालेल ना?) तुमचं उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. रकाना आला! पण फोनवर?


जुना_खिळा:

काका चालेल, आता आजोबासुद्धा चालतं. फोनवर नाही दिसणार. तो रकाना आउटलुकच्या घरचा, बाहेर निघत नाही. आणि ते नवं आउटलुक कधी अंगावर आलं तर तिथे ही युक्ती लागू नाही. जुनं धरून ठेवता येईल तेवढं धरा.


अर्धविराम:

फोनवर का दिसत नाही याचं मूळ थोडं खाली आहे, म्हणून लिहितो. उपाय हवा असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

कॅलेंडरच्या नोंदी एका कार्यक्रमातून दुसऱ्यात नेण्याचं ठरलेलं रूप म्हणजे आयकॅलेंडर. १९९८ मध्ये आरएफसी २४४५ म्हणून आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), २००९ मध्ये सुधारून आरएफसी ५५४५ झालं. गंमत अशी की त्यात 'कॉन्टॅक्ट' नावाचा गुणधर्म पहिल्यापासून आहे, आणि तो 'अटेंडी'पासून, म्हणजे पाहुण्यापासून, वेगळा आहे. या भेटीसंबंधी कोणाशी बोलायचं ते तिथे लिहायचं, त्याला बोलावलंच पाहिजे असं नाही. नुसता मजकूर लिहा, नाहीतर शेजारी व्हीकार्डचा, म्हणजे संपर्काच्या फाइलचा, पत्ता द्या, म्हणजे प्रत न ठेवता मूळ कार्डाकडे बोट दाखवता येतं. काटेकोर यांची पहिली मागणी शब्दशः तिथे लिहिलेली आहे! पण मानकात रकाना असणं आणि पडद्यावर तो भरायला जागा असणं यात अंतर आहे. रोजच्या वापरातल्या कॅलेंडरांत ती जागा मला कुठे दिसलेली नाही. सगळ्यांचा जीव पाहुण्यांवर.

अशक्य म्हणाल, तर तसंही नाही. संपर्कात वाढदिवस लिहिला की आउटलुक आपणहून कॅलेंडरात दर वर्षीची नोंद टाकतं. गूगल कॅलेंडरही संपर्कांतले वाढदिवस उचलून दाखवतं. केकसाठी जमतं, काट्यासाठी जमत नाही.

कामाचं ते आता. २०२२ मध्ये आरएफसी ९२५३ आलं, त्यात 'रेफआयडी' नावाची चीज आहे. ज्या नोंदींवर तीच किल्ली, त्या एका गटातल्या. यासाठी सॉफ्टवेअर येण्याची वाट पाहायची गरज नाही, हे हाताने करता येतं. प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक द्या. तो संपर्कावर लिहा आणि प्रत्येक भेटीच्या शीर्षकात लिहा. नाव बदललं, माणूस बदलला, नंबर बदलला, संपर्क पुसून पुन्हा आला, तरी क्रमांक तोच. शोध घेतला की दोन्हीकडचं समोर येतं. डेटाबेसवाले पन्नास वर्षं हेच करत आलेत. आउटलुकच्या संपर्कात 'ऑल फील्ड्स' उघडलंत तर 'कस्टमर आयडी' नावाचा रकाना तयारच सापडेल.


फिरतीवाला:

मी तुमच्या तंत्रज्ञाच्या बाजूचा. लिफ्टच्या मेन्टेनन्सला फिरतो. तुम्हा सगळ्यांची चर्चा ऑफिसातल्या खुर्चीत बसून चाललीय, राग मानू नका.

नंबर भेटीत लिहायचाच नाही, हे काही मला पटत नाही. तळघरात, मशीन रूममध्ये रेंज नसते. दुव्यावर टिचकी मारली की गोल फिरत बसतं. तिथे भेटीत लिहिलेला नंबरच कामाला येतो, फोन त्याला ओळखतो आणि बोट ठेवलं की डायल होतो. आमच्याकडे म्हणून दोन्ही ठेवतात. भेटीत नंबर, त्याच्यापुढे तो कधी पडताळला ती तारीख. तारीख तीन महिन्यांपूर्वीची दिसली की मी निघण्याआधी ऑफिसला विचारतो. नुसता नंबर असला की तो खरा वाटतो. तारीख दिसली की शंका घेता येते.

आमचे संपर्क गूगलमध्ये आहेत. तिथे प्रत्येक संपर्काला स्वतःचा वेब पत्ता असतो. संपर्क ब्राउझरमध्ये उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता उचला, भेटीच्या वर्णनात चिकटवा. तो पत्ता बदलत नाही आणि उघडलं की आजची माहिती दिसते. मात्र फोनवर ऑफिसचं खातं चालू असायला हवं. माझ्या फोनवर घरचं खातं आधी लागतं, मग ते म्हणतं असा कोणी नाहीच. पहिल्या दिवशी मी अर्धा तास त्या गोंधळात होतो.


घाईत_आहे:

एवढं करण्यापेक्षा एखादा सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारा कार्यक्रम, घ्या. त्यात भेट आणि ग्राहक जोडलेलेच असतात.


काटेकोर:

असतात. तिघांना तो शिकवायचा, चारशे ग्राहक त्यात भरायचे आणि नंतर दर भेट दोन्हीकडे टाकायची, कारण फोनवरचं कॅलेंडर कोणी सोडणार नाही. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही म्हणून तर मी इथे आले.


काटेकोर (तीन आठवड्यांनी):

सांगितल्याशिवाय धागा सोडून जायची माझी सवय नाही, म्हणून काय केलं ते लिहिते.

ग्राहकांना क्रमांक दिले. पहिल्या दिवशी नुसते एक, दोन, तीन असे दिले आणि संध्याकाळपर्यंत पस्तावले, कारण सात शोधला की सत्तर ते एकोणऐंशी सगळे हजर. पुन्हा बसून चार आकडी केले: ०००७, ००७०. आणखी एक फजिती झाली. मी देवनागरी आकडे लिहिले होते, तिघांच्या फोनवर कीबोर्ड इंग्रजी आकड्यांचा, त्यामुळे शोधून काही मिळेना. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळेच आकडे. सगळे क्रमांक इंग्रजी आकड्यांत बदलून घेतले. कस्टमर आयडीचा रकाना होता खरा, पण फोनवर त्यात शोधता येईना, म्हणून क्रमांक कंपनीच्या नावाच्या पुढे लावला. दिसायला बरं दिसत नाही. चालतंय.

भेटीच्या शीर्षकात आधी क्रमांक, मग काम. खाली नंबर आणि पडताळल्याची तारीख, फिरतीवाल्यांनी सांगितलं तसं. हा भाग मला आधी खटकला होता, कारण मी ज्याच्या विरोधात आले होते तेच करायला सांगत होते! पण आमच्या तिघांपैकी सगळ्यात जुन्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, वेब्रिजच्या खड्ड्यात उतरलो की मलापण रेंज नसते." सहा वर्षांत हे त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तारीख कोण बदलणार हा प्रश्न होता. रोज दुपारी उद्याच्या भेटी उघडते, क्रमांकावरून संपर्क काढते, नंबर जुळवते, तारीख बदलते. पाच-सहा भेटींना दहा मिनिटं जातात. मंगळवारी त्यात एक बदललेला नंबर सापडला. म्हणजे यंत्राने जोडून दिलं नाही, मीच रोज जोडतेय, हे मला कळतं. पण गेटवरून फोन आलेला नाही.

खिळेकाकांचा रकाना माझ्या संगणकावर आहे, आणि तो निव्वळ माझ्यासाठी आहे. ग्राहकाचा फोन आला की यादीच्या दृश्यात त्याचा गट उघडते. पुनरावृत्तीच्या मालिका मोडून पुढच्या भेटी वेगळ्या केल्या, त्यात एक अख्खा शनिवार गेला.

काका, एकच अडलंय. त्या यादीत फक्त पुढच्या भेटी दिसतात. मागच्या गेल्या कुठे? कॅलेंडरात पाहिलं तर आहेत जागच्या जागी.


जुना_खिळा:

दृश्य निवडताना 'ॲक्टिव्ह' घेतलं असणार. त्यात होऊन गेलेल्या भेटी गाळतात. 'लिस्ट' घ्या. स्तंभ आणि गट पुन्हा लावावे लागतील.


काटेकोर:

आल्या. २०१९ पासूनच्या सगळ्या. पण त्यांना कोणालाच संपर्क जोडलेला नाही, सगळ्या एकाच बिननावाच्या गटात ढीग घालून पडल्यात. पुढचा शनिवारही गेलाच म्हणायचा.